एरंडोलपर्यंत न थांबता

मेहरूणमध्ये कुणाला गाडी घ्यायची झाली, की तो शोरूमला जाण्याआधी सरदार मिस्त्रींच्या ओट्यावर येऊन बसायचा. शुक्रवारी गॅरेज बंद असे. जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपलं, की सरदारभाऊ ओट्यावरच्या लोखंडी पलंगावर पाय वर घेऊन बसत आणि तीनच्या सुमारास माणसं यायला लागत. कुणाला रिक्षा घ्यायची असे, कुणाला जुना ट्रॅक्टर, कुणाच्या जावयाला टेम्पो. भाऊ दोन-चार गोष्टी विचारत, मग बराच वेळ गप्प बसत, आणि शेवटी एक वाक्य बोलत. त्या एका वाक्यावर लोक गाड्या घेत. त्यापायी भाऊंनी कधी कुणाकडून सुपारीचं खांडही घेतलं नाही. उलट चहा घरचाच जायचा, आणि तो अमिनाबींना करावा लागायचा.

अमिनाबी म्हणजे भाऊंच्या पत्नी. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी ओट्यावरच उघडते, त्यामुळे गल्लीतल्या एकूण एक गाडीची कुंडली त्यांना पाठ. कुणाच्या रिक्षाचं इंजिन कधी बांधलं, कोण टेम्पो विकून पस्तावला, हे भाऊ विसरले तर त्या आतून आठवण करून देत. शिक्षण सातवीपर्यंतच झालेलं. पण गाडीबद्दल माणूस काय सांगतो आणि काय सांगायचं टाळतो, हे त्यांना चहा गाळता गाळता कळायचं.

नवी गाडी आली की ती आधी या ओट्यापुढे उभी करायची, असाही एक रिवाज पडून गेला होता. भाऊ बॉनेट उघडत, लांब पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवत, त्याची लाकडी मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. चाळीस वर्षं डिझेलची इंजिनं खोलून-बांधून तो कान तयार झाला होता. भाऊंनी मान हलवली, की मगच मालक पेढ्यांचा पुडा सोडायचा.

दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी प्रेमराज असाच येऊन बसला. तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचा थंड पाण्याच्या जारचा प्लांट आहे. जार भाड्याच्या रिक्षातून जायचे, ते बंद करून त्याला स्वतःची पिकअप घ्यायची होती. डिझेलची घ्यावी की गॅसची, एवढंच विचारायला तो आला होता. शोरूमवाला गॅसची घ्या म्हणत होता, आणि नेमकं त्यामुळेच त्याला शंका आली होती.

भाऊंनी विचारलं, एका खेपेला जार किती, रेल्वेच्या पुलावरून भरलेली गाडी चढवायची का. प्रेमराजने सांगितलं. मग नेहमीची शांतता झाली आणि भाऊ म्हणाले, "डिझेल घे. गॅसच्या गाडीला दम नसतो. आणि जळगावच्या उन्हात बुडाखाली सिलिंडर घेऊन पंपावर तास तास रांगेत कशाला उभा राहतोस?"

खिडकीतून अमिनाबींनी विचारलं, "पण गाडी रोज जाते किती लांब?"

प्रेमराज हसून म्हणाला, लांब कुठली भाभी, प्लांटवरून निघालं की दवाखाने, दुकानं, अजिंठा चौक, बाजार, पुन्हा प्लांट. पाच-सहा किलोमीटरची घिरटी, तीही पन्नास पावलांवर थांबत थांबत. भाऊंनी तो धागा तिथेच तोडला. गाडीचं वजन बघायचं असतं, लांबी नाही, असं म्हणाले, आणि वर, "तुला काय जारामागे पायी जायचंय?" असा एक टोला दिला. दोघं हसले. अमिनाबींनी कप बाहेर सरकवले.

प्रेमराजने डिझेलची पिकअप घेतली, ओट्यापुढे आणली, भाऊंनी कान लावला, पेढे वाटले गेले. जाताना भाऊंनी त्याला तोच सल्ला दिला, जो ते चाळीस वर्षं सगळ्यांना देत आले होते. सकाळी चावी मारली की लगेच निघायचं नाही. गाडी चालू ठेवायची आणि आपण चहा प्यायला बसायचं. चहा संपला, की गाडी तापली असं समजायचं.

त्याला सात-आठ महिने झाले असतील. एका शुक्रवारी जेवण झाल्यावर भाऊ पलंगावर बसलेच नाहीत. दारात प्रेमराजची पिकअप उभी होती. हातातली चावी उगाच या बोटावरून त्या बोटावर करत ते म्हणाले, "येतेस का? एक चक्कर मारून येऊ."

अमिनाबी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. या काळात भाऊंनी त्यांना दवाखान्यात नेलं होतं, लग्नाकार्याला नेलं होतं, मुलीकडे धुळ्याला नेलं होतं. नुसतं चक्कर मारायला कधी नेलं नव्हतं. त्यांनी ठेवणीतली जांभळी ओढणी काढली, आरशात एकदा बघितलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटून कपाटाचं दार ओढून घेतलं.

मग ते दर शुक्रवारचंच झालं. मेहरूणमधून निघायचं, हायवेला लागायचं, बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडायचा, पाळधी मागे टाकायची आणि एरंडोलच्या अलीकडून वळून परत यायचं. ओट्यावरची माणसं आता चारनंतर येत. चौपदरी रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी, मधूनच केळीचा एखादा हिरवागार पट्टा. काच खाली केली की वारा असा आत घुसायचा की ओढणी धरून ठेवावी लागे. शेजारणी चिडवायच्या, मिस्त्रींना म्हातारपणी पालवी फुटली म्हणून. अमिनाबी वरवर रागवायच्या. पण गुरुवारी रात्री त्यांची ओढणी धुऊन दोरीवर असायची.

पिकअप प्रेमराजची कशी, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. भाऊ म्हणाले, नवी गाडी आहे, आठ दिवसांनी एकदा माझ्या कानाखालून गेलेली बरी. प्रेमराजला यात आनंदच होता. मिस्त्री स्वतः येऊन गाडी बघतात आणि डिझेलही स्वतःच्या खिशातून टाकतात, हे तो प्लांटवर येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचा.

फक्त एक गोष्ट अमिनाबींना खटकू लागली. भाऊ वाटेत कधी थांबत नसत. पाळधीजवळ एक माणूस टोपलीत सीताफळं घेऊन बसायचा. पहिल्यांदा त्यांनी थांबा म्हटलं, तेव्हा भाऊ म्हणाले, येताना. येताना म्हणाले, पुढच्या वेळी. एरंडोलच्या वळणावर चहाची टपरी होती, तिच्यापुढूनही गाडी तशीच वळायची. आणि भाऊ बोलतही नसत. त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि स्टिअरिंगमागच्या काचेवर जास्त असे. तिथे एक छोटा पिवळा दिवा लागलेला असायचा. तो विझला की भाऊंचे खांदे खाली यायचे. तेवढ्यात अमिनाबी काही बोलल्या तर ते हसून उत्तर द्यायचे. दिवा विझेपर्यंत मात्र हूं की चूं नाही.

हे त्यांनी लक्षात ठेवलं, पण विचारलं नाही. वर्षभराच्या शुक्रवारांवर आपल्या हातानं पाणी ओतायची त्यांची तयारी नव्हती, असंच म्हणावं लागेल.

यंदा दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी तो दिवा विझलाच नाही. एरंडोल आलं, भाऊंनी वळण सोडून गाडी पुढे काढली. पारोळा गेलं. भाऊंच्या कपाळावर घाम होता आणि गाडी चढाला कुंथत होती, एखाद्याच्या नाकातोंडावर ओला टॉवेल धरावा तशी. अमिनाबींनी शेवटी विचारलं, कुठे चाललो आपण? भाऊ म्हणाले, धुळ्याला. जुनैदकडे.

जुनैद त्यांचा जावई. धुळ्यात एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तो नव्या गाड्यांवर काम करतो. सासऱ्याला बघून त्याने हातातलं काम टाकलं, सासूला पंख्याखाली खुर्ची दिली आणि गाडीला वायर जोडून लॅपटॉप उघडला. थोडा वेळ तो नुसता वाचत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून अमिनाबींना कळलं, की हा आता शब्द शोधतोय.

"अब्बू," तो म्हणाला, "मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं ना. या नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो. गाडी हायवेला अर्धा तास पळाली की तो तापतो आणि काजळी जाळून टाकतो. गल्लीतल्या गल्लीत फिरली तर तापतच नाही, नुसता भरत जातो. आठवड्याला एकदा पळवा म्हटलं, ते गाडी बदलेपर्यंत दिवस काढायला. मला वाटलं, तुम्ही मालकाला सांगितलं असेल."

भाऊंनी बॉनेट उघडलं.

जुनैदने ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली, पुसली, पुन्हा घातली आणि काढून सासऱ्यापुढे धरली. ऑइल खुणेच्या वर होतं. चांगलं दोन बोटं वर. भाऊंनी चिमटीत घेऊन वास घेतला. डिझेलचा वास. फिल्टर जाळण्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल सोडते, आणि ते जाळणं अर्धवट राहिलं की तेच डिझेल झिरपत ऑइलमध्ये उतरतं, असं जुनैद हळू आवाजात समजावत होता. अमिनाबी नवऱ्याच्या हाताकडे बघत होत्या. इंजिन ऑइल पितं, कमी करतं, हे त्या हाताला चाळीस वर्षं माहीत होतं. ऑइल वाढताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पट्टी आता त्याच हातात होती, आणि तो ती परत जागेवर घालत नव्हता.

"आणि सकाळी हिला पंधरा-पंधरा मिनिटं जागेवर चालू कोण ठेवतं?" जुनैदने लॅपटॉपकडे बघत विचारलं. "त्यानं तर आणखीच भरतो."

अमिनाबींनी ओढणी सावरायच्या निमित्ताने मान दुसरीकडे वळवली.

जुनैदने मशीन लावून, गाडी जागेवर तासभर घोंघावत ठेवून फिल्टर साफ केला, ऑइल बदललं. निघताना एवढंच म्हणाला, की गाडी वाईट नाही. रोज पारोळा-धुळे करणाऱ्याला ही सोनं आहे. पण पाच किलोमीटरच्या घिरट्या घालणाऱ्यानं गॅसचीच घ्यायला हवी होती.

परतीच्या वाटेवर एरंडोल आलं. दिवा विझलेला होता. आता थांबता आलं असतं, पण भाऊ थांबले नाहीत, आणि अमिनाबींनीही म्हटलं नाही.

"म्हणजे मला फिरवायला नेत नव्हतात," त्या शेवटी म्हणाल्या.

भाऊंनी गियर बदलला. "एकटा गेलो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, कुठे चाललास. तू सोबत असलीस की कुणी विचारत नाही." मग थोड्या वेळाने, "नंतर नंतर मला पण आवडायला लागलं होतं."

पहिल्या वाक्यानं अमिनाबींना जे लागलं, ते दुसऱ्यानं भरून निघालं नाही. पण त्या क्षणी त्यांना स्वतःच्या दुखण्यापेक्षा शेजारी बसलेल्या माणसाची जास्त काळजी वाटली. प्रेमराजला सांगून टाका, त्या म्हणाल्या. भाऊ म्हणाले, काय सांगू? ज्या दिवशी हा दिवा लागला म्हणून तो घाबरून आला, त्या दिवशी मी त्याला म्हटलं, काही नाही, वायर ढिली आहे. आता सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागतील. एक मी चुकलो, ही. आणि एक मी वर्षभर खोटं बोललो, ही. पहिली मी सांगेन एखादे वेळी. दुसरी कशी सांगू?

अमिनाबींनी काच वर केली.

पुढच्या शुक्रवारी, ते निघायच्या आतच ओट्यावर झुंबरबाई येऊन बसल्या. सोबत त्यांची सून पुनम. झुंबरबाई साक्रीकडच्या, पण तीस वर्षं जळगावात भाजीची हातगाडी ओढतात. पहाटे बाजार समितीतून माल उचलायचा आणि मेहरूणच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या. गुडघे गेले, म्हणून आता पिकअप घ्यायची ठरली होती. पुनमने लायसन्स काढलं होतं, गाडी तीच चालवणार होती. आणि गाडीची चावी भाऊंच्या हाती द्यायला म्हणून नेमका प्रेमराजही आलेला. तोही टेकला.

"माले बठ्ठं समजाडू नका भाऊ," सगळं ऐकत बसायची तयारी नसलेल्या झुंबरबाई अहिराणीत म्हणाल्या. "प्रेमराजले जी गाडी सांगी, तीच मनी. डिझेलनीच लेवानी शे ना?"

प्रेमराज मध्येच बोलला. डोळे मिटून घ्या अक्का, म्हणाला, दोन वर्षं होत आली, माझ्या गाडीचा एक खिळा हलला नाही. मिस्त्रींचा हात फिरतोय ना हिच्यावरून. पुनमला काहीतरी विचारायचं होतं. शोरूममध्ये तिला कुणीतरी गॅसचं सांगितलं होतं, सासूच्या मागून तिने तसं पुटपुटूनही पाहिलं. झुंबरबाईंनी तिला कोपरानेच गप्प केलं. उद्या सकाळी गाडी बुक करायची होती.

भाऊ गप्प होते. लोकांना ही शांतता ओळखीची होती, म्हणून सगळे वाट बघत बसले. पण खिडकीतून अमिनाबींना भाऊंचा चेहरा दिसत होता, आणि ही ती शांतता नव्हती. आधण उकळून वर आलं, तरी त्यांनी गॅस बारीक केला नाही. आता भाऊ 'डिझेल' एवढा एक शब्द म्हणतील, आणि मग शुक्रवारी दोन गाड्या एरंडोलला न्याव्या लागतील, असं काहीतरी त्यांच्या मनात येऊन गेलं. आपणच बाहेर जाऊन सांगून टाकावं, असंही वाटलं. पण ते त्यांनी केलं नाही. ते सांगणं भाऊंचं होतं.

चहा उतू गेला. त्यांनी तो तसाच गाळला, कप भरले, आणि या खेपेला खिडकीतून न सरकवता ट्रे घेऊन बाहेर आल्या. झुंबरबाईंपुढे कप ठेवला, प्रेमराजपुढे ठेवला. मग भाऊंपुढे ठेवताना, दोन वर्षांपूर्वी विचारलेलं तेच, त्याच आवाजात विचारलं.

"पण गाडी रोज जाते किती लांब?"

झुंबरबाई सांगायला लागल्या, बाजार समिती ते मेहरूण. भाऊंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"डिझेल घेऊ नका अक्का," ते म्हणाले. "एवढ्याशा फेरीला गॅसचीच घ्या. मी प्रेमराजला चुकीचं सांगितलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. फिल्टर, पिवळा दिवा, शुक्रवारच्या फेऱ्या, धुळ्याचं वर्कशॉप, वाढलेलं ऑइल. ढिल्या वायरीचंही सांगितलं. सांगताना ते कुणाकडे बघत नव्हते, कपातल्या चहाकडे बघत होते, आणि चहावर साय धरत चालली होती.

प्रेमराजने सगळं ऐकून घेतलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं अमिनाबींना नंतर कितीदा तरी वाटलं. तो हसला, आणि ते हसू लगेच विरलं. "मी गावभर सांगत फिरलो," तो म्हणाला. "मिस्त्री माझ्यासाठी एवढं करतात म्हणून. आणि मी रोज सकाळी चहा पीत बसतो, गाडी चालू ठेवून, तुम्ही सांगितलं तसा." पलंगावर ठेवलेली चावी त्याने उचलली, गाडी सुरू केली आणि गेला. चहा तसाच राहिला.

झुंबरबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांना राग आला नव्हता. त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या आणि उठताना म्हणाल्या, "मंग आते आम्ही कोनले इचारानं, भाऊ?"

भाऊंनी पुनमकडे बोट केलं. "ही विचारत होती मघाशी काहीतरी. हिलाच विचारा."

त्यानंतरचे तीन शुक्रवार ओट्यावर कुणी आलं नाही. भाऊ तीनच्या सुमारास पलंगावर बसत, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत, आणि पाच वाजता उठून आत येत. गॅरेजमध्ये काम होतं, ते थांबलं नव्हतं. जुन्या इंजिनांना अजून त्यांचाच हात लागत होता. पण एक रिक्षावाला, ज्याला गेल्या वर्षी भाऊंनीच गाडी निवडून दिली होती, तो एकदा येऊन आडून आडून विचारून गेला, आमच्या गाडीत तर तसलं काही नाही ना? भाऊंनी त्याला नीट समजावलं. तो मान डोलावत गेला, पण जाताना गाडीकडे वेगळ्याच नजरेनं बघत गेला. ते अमिनाबींनी खिडकीतून पाहिलं आणि भाऊंना सांगितलं नाही.

चौथ्या शुक्रवारी दारात पिकअप थांबली. प्रेमराज उतरला, पण ओट्यावर चढला नाही. दिवा लागलाय, म्हणाला. गाडी बदलायची तर कर्ज अजून तीन वर्षांचं आहे, आणि त्याला हायवेला जायला वेळ नाही. चावी त्याने भाऊंच्या पायाशी पलंगावर टाकली. "तुमचीच निवड आहे. तुम्हीच फिरवा." डिझेल त्याने भरून आणलं होतं. तेवढं सांगून तो पायीच निघून गेला.

भाऊ चावीकडे बघत राहिले. मग उठले. आत येऊन त्यांनी विचारलं नाही, येतेस का म्हणून. दारात नुसते थांबले.

अमिनाबींनी भांड्यांचे हात धुतले. एक मन म्हणत होतं, आता लोकांनी विचारण्याचा प्रश्न नाही, मग माझं काय काम? जांभळी ओढणी कपाटातच होती, ती त्यांनी काढली नाही. घरातलीच डोक्यावरून घेतली. चहा टाकला, जरा जास्तच, आणि थर्मासमध्ये भरला. वाटेत थांबायचं नव्हतं.

अजिंठा चौकात सिग्नलला पुनम दिसली. नवी पांढरी गॅसची पिकअप, मागे मेथीच्या जुड्या आणि वांगी, शेजारी पाय लांब करून बसलेल्या झुंबरबाई. गाडी घेऊन त्या ओट्यावर आल्या नव्हत्या. पुनमने हात केला. झुंबरबाईंनी पाहिलं की नाही, कळलं नाही. भाऊंनी घाईघाईने काच खाली केली आणि मान त्या बाजूला कलवून कान दिला. सिग्नल सुटला, पांढरी गाडी उजवीकडे वळली.

"काय ऐकू आलं?" अमिनाबींनी विचारलं.

"काही नाही. आपल्याच गाडीचा आवाज."

हायवे लागला तसा त्यांनी वेग वाढवला. अमिनाबींनी थर्मासचं झाकण उघडून त्यात चहा ओतला आणि त्यांच्या हातात दिला. भाऊंनी तो एका हाताने घेतला, एक घोट प्यायले, आणि पुन्हा स्टिअरिंगमागच्या काचेकडे बघू लागले. बांभोरीचा पूल आला. खाली गिरणेत पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसत होती. या वेळी अमिनाबीही त्याच काचेकडे बघत होत्या. दिवा अजून लागलेलाच होता.